खोल बाजू

अडीच वर्षांनी उघडला तलाव.
पाटी नवी, दार आपोआप सरकणारं,
आणि मनगटावर बांधायला निळा पट्टा,
त्याने म्हणे कपाट उघडतं.
माझं उघडलं नाही.
टेग्वेनचं उघडलं, पण मिटेना.
मग चपला, चष्मे, दोघींचे टॉवेल
बाकावरच ठेवून आलो,
पूर्वी ठेवायचो तसे.

फरश्या पांढऱ्या. इतक्या पांढऱ्या
की दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.
जुन्या हिरव्या होत्या, बाटलीच्या काचेच्या रंगाच्या,
आणि सहाव्या लेनच्या टोकाला
एक उलटी बसलेली, खरखरीत.
तिला बोटं लागली की कळायचं : वळ.
आता वळायचं कळावं म्हणून
छताखाली रंगीत झेंड्यांची माळ आहे.
मी पाठीवर पोहत नाही.

पाणी कोमट आहे, चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.
क्लोरिनचा वासही घरापर्यंत येत नाही आता.
पण तिसऱ्याच दिवशी कोपऱ्यातल्या दोन फरश्या फुगल्या,
शॉवरच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटला.
कौन्सिलचा माणूस आला, फोटो काढून गेला.
ग्विलिम म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय.
चाळीस वर्षं प्लंबर होता तो,
त्याला तेवढंच म्हणायचं होतं.

खाणीतल्या माणसांनी
आठवड्याला एक पेनी पगारातून कापून घेऊन
बांधला होता हा तलाव.
त्यांच्या नावांची पितळी पाटी
आता वेफर्सच्या मशीनमागे लावली आहे.
वाकलं की दिसतात खालच्या चार ओळी.
आजोबा तिसऱ्या ओळीत आहेत, ई. प्रॉसर.
घासून लख्ख केलीय पाटी.
इतकी, की ई जवळजवळ गेला.

पण खरा बदल डोळ्यांना दिसत नाही,
पायांना कळतो.
खोल बाजू नाही.
तळ उचलून वर आणलाय.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच आकडा,
एक मीटर चाळीस, एक मीटर चाळीस.
विमा, सुरक्षितता, पाणी तापवायचा खर्च,
इओलोने नीट समजावून सांगितलं.
चांगला पोरगा आहे. वीस वर्षांचा जीवरक्षक,
खुर्चीवर बसून जांभया देतो.
जांभई देण्याजोगंच काम उरलंय.

फळीखाली बारा फूट होतं तिथे.
पाणी निळं असता असता अचानक काळं व्हायचं
आणि कानात काहीतरी दाबायचं, अंगठ्यासारखं.
एमरिस तिथून नाणी काढायचा,
लग्नाआधी माझ्यासाठी, नंतर पोरांसाठी,
मग कुणासाठीच नाही.
बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी
त्याने एक पौंड टाकला तिथे.
म्हणाला, उघडल्यावर काढीन.
मी म्हटलं, म्हाताऱ्या, पार्किंगला लागेल तो.

दुसऱ्या हिवाळ्यात गेला तो.
नाणं काँक्रीटखाली असेल,
किंवा कुणा कामगाराने उचलून बिअर घेतली असेल.
मला हे दुसरं बरं वाटतं.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात.
इथे आता पाय जाईल तरी कुठे?

टेग्वेनने मात्र आज गंमत केली.
साठ वर्षं ती मधल्या दोरीला हात लावून परत फिरायची.
आम्ही पलीकडून हाका मारायचो, चिडवायचो,
ती आपली हसायची आणि वळायची.
आज दोरी नव्हती.
मान उंच, हनुवटी पाण्याबाहेर,
बदकासारखी निघाली
आणि थांबलीच नाही.
पलीकडची भिंत दोन्ही हातांनी धरली,
मागे वळून पाहिलं, धापा टाकत म्हणाली,
"एवढंच होतं?"

मी तिच्याशेजारी होते,
बरोबर फळी होती त्या जागी.
म्हटलं, "हो गं, एवढंच."
आणि तळ लागू नये म्हणून
गुडघे हळूच पोटाशी घेतले.